आजोबांची 1974 ची महिंद्रा एफसी पिकअप पंधरा वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे, घरच्या घरी रिस्टोअर करता येईल का? सुरुवात कुठून करू? अधूनमधून शेतावर न्यायचीये. मेकॅनिक म्हणतो आधी इंजिन उतरवू, आणि काका विचारतात डिझेल इंजिन टाकू का.

हो, येईल. आमच्या घरची पण एफसीच (फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे केबिन इंजिनच्या वर असलेली गाडी) आहे, पेट्रोलच, गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे रवे न्यायला आजोबांनी घेतलेली, आणि ती मी आणि चुलतभावाने शेडमध्येच नव्याने उभी केली, नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे लिहितोय ते हात काळे करून झाल्यावरचं आहे.

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिक म्हणतो आधी इंजिन उतरवू, मग बाकीचं बघू. माझं मत एकदम उलटं आहे. या गाडीत सगळ्यात सोशिक भाग कुठला असेल तर तो इंजिन. तुमची गाडी खाल्ली असेल ती गंजाने, आणि अडेल ती कागदावर. इंजिन शेवटी उघडा, कदाचित उघडावं लागणारच नाही. बरं, एफसीचं केबिन इंजिनच्या डोक्यावर, दोन सीटांच्या मधे ते खोकं असतं त्याच्याखाली इंजिन, म्हणजे बॉनेट उघडलं, चेनपुली लावली आणि सरळ वर उचललं असं होत नाही. एकदा उतरवलं की गाडी हलवता येत नाही, इंजिन कोपऱ्यात गोणपाटाखाली, आणि तिथेच उत्साह संपतो. गावोगावी अशा गाड्या बघितल्यात मी.

तर आधी कागद. आजोबांचं आरसी बुक शोधा, आणि त्यात वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते बघा, मालवाहू की खाजगी, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. खाजगी असेल तर पहिली पंधरा वर्षं संपल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला फॉर्म 25. मालवाहू असेल तर एवढ्या जुन्या गाडीला फिटनेस दर वर्षी. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, पुस्तक हरवलं असेल तर पोलिसात तक्रार देऊन डुप्लिकेटसाठी फॉर्म 26. एम पासून सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर असेल तर तो ऑनलाइन सिस्टिममध्ये सापडेलच असं नाही, मग आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते, त्याला मूळ रजिस्टर शोधण्यापासून तयारी ठेवा, तिथे चिडून उपयोग नसतो. नूतनीकरणाची फी, थकलेला टॅक्स, पर्यावरण कर हे सगळं आधी विचारून घ्या, कारण जुन्या गाड्यांची फी अलीकडे बरीच वाढलीये.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की पन्नास वर्षं झाली ना, मग व्हिंटेज करून टाका, व्हीए वाला नंबर घ्या. 2021 पासून तो नियम आहे खरा, 20,000 रुपये फी आणि दहा वर्षांची मुदत, पण तो दुचाकी आणि खाजगी वापराच्या प्रवासी चारचाकीसाठी आहे, मालवाहू म्हणून नोंद झालेली पिकअप त्यात बसत नाही. आणि समजा बसली, तरी तो नंबर लागला की गाडी रोज वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठी बाहेर काढायची. तुम्ही लिहिलंय की अधूनमधून शेतावर न्यायचीये, मग हे आपल्या कामाचं नाही.

कागदासोबतच इंजिन नंबर आणि चेसिस नंबर जुळवून घ्या. पेट्रोलचं मूळ हरिकेन इंजिन असेल तर नंबर पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळ ब्लॉकवरच ठोकलेला असतो, वायर ब्रशने घासा, खडू चोळा, दिसतो. हे यासाठी सांगतोय की त्या काळात पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी धडाधड डिझेल इंजिनं टाकली आणि पुस्तकात नोंद केलीच नाही. तसं निघालं तर रंग लावायच्या आधी कळलेलं बरं.

हत्यारांबद्दल एकच पण महत्त्वाचं. ही गाडी मूळ अमेरिकन विलीज कंपनीची, ब्रुक्स स्टीव्हन्सने डिझाइन केलेली, तिकडे 1956 च्या शेवटी आली आणि नंतर महिंद्राने इथे बनवली, त्यामुळे नटबोल्ट सगळे इंची. घरात असलेले 12-13, 14-15 चे पाने लावाल तर डोकी गोल होतील आणि मग छिन्नी-हातोडीचं काम. 7/16, 1/2, 9/16, 5/8, 3/4 असा इंची सेट आधी घ्या. गंजलेल्या बोल्टला आदल्या दिवशी तेल मारून ठेवा, हलला नाही तर गॅसने नट लाल करून सोडवा, पण टाकी आणि पेट्रोल पाइपाच्या जवळ नाही.

आता पत्रा, खरी मेहनत इथे आहे. चुंबक घेऊन पूर्ण गाडीवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आधीच्या डेंटरने लांबी (पुट्टी) भरलीये, आणि लांबीच्या खाली भोक आहे असंच धरून चाला. काचेच्या रबराचे खालचे कोपरे, पायरी, रबरी मॅटखालचा फ्लोअर आणि हौद्याचे (मागे माल ठेवतात त्या भागाचे) सांधे, हे आधी बघा. आमच्या हौद्याचे सांधे तर गुळानेच खाल्ले, गूळ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतो आणि सांध्यात चिकटून बसतो, वरून धुतलं तरी आत ओल तशीच. तुमच्या आजोबांनी काय वाहिलं त्यावर तुमचा गंज ठरेल, मीठ किंवा खत वाहिलं असेल तर चेसिस पण नीट बघा. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर चेसिसला जिथे जोडलेत तिथे वायर ब्रश मारून चीर शोधा. चीर असेल तर ते घरी वेल्डिंग करायचं काम नाही, चांगल्या फॅब्रिकेटरकडे न्या.

छोटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, फाळक्याच्या कड्या, यांचा गंज घरीच मस्त निघतो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, भाग निगेटिव्हला आणि भंगारातली लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला, बॅटरी चार्जर लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी काळा पडलेला गंज ब्रशने पुसून काढायचा. उघड्यावर करा कारण त्यातून हायड्रोजन निघतो, आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची अजिबात वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. काढल्यावर लगेच सुकवून प्रायमर, कोल्हापूरच्या हवेत तर दुपारपर्यंत परत लाल होतं.

मोठा पत्रा मात्र कापून नवा लावायचा, गंजावर पत्रा ठोकायचा नाही. डेंटर म्हणेल साहेब वरून पट्टी मारू, दिसणार नाही. दिसत नाहीच, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. केबिनला 18 गेजचा पत्रा चालतो. बेंडिंगसाठी आम्ही शिवाजी उद्यमनगरात जायचो, पुठ्ठ्याचा साचा कापून न्यायचा आणि तसाच वाकवून आणायचा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या फाउंड्री आणि लेथची कामं करणारे लोक आहेत, काय पाहिजे ते अर्ध्या वाक्यात समजतं त्यांना. तुमच्या जवळ जी एमआयडीसी असेल तिथे असं कोणीतरी सापडेलच.

ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि एकच सर्किट, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. म्हणून इथे काटकसर नको. मास्टर सिलेंडर, चारही व्हील सिलेंडर, सगळे लोखंडी पाइप आणि होस नवीन टाका, चालतायत असं वाटलं तरी. पंधरा वर्षांच्या ब्रेक ऑइलने पाणी ओढलेलं असतं आणि सिलेंडर आतून खड्डे पडलेले असतात, नुसतं किट बदलून गळती थांबत नाही. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. गॅरेजवाले हसतील, हसू देत.

टाकी काढून रिकामी करा, जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट झालेलं असेल, वास लगेच कळतो. आत मूठभर खडी आणि थोडं रॉकेल टाकून हलवायचं, दोघांनी धरून, हात भरून येतात पण गंज निघतो. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, वाफ राहते आत. पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची वायसरं आणि सगळे रबरी पाइप बदला, आणि ते इथेनॉलला टिकणारे मागा कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर तडकतं. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवूच नका.

वायरिंग पूर्ण नवीन. उंदरांनी खाल्लेली असते, उरलेली हात लावला की तुकडे पडतात. जुन्या तारेला टेप गुंडाळत बसू नका. एकेक सर्किटला फ्यूज द्या. डायनामो ठेवायचा की अल्टरनेटर लावायचा यावर लोक भांडतात, मी डायनामोच ठेवला, पण रात्री चालवणार असाल तर अल्टरनेटर लावा, त्यात कमीपणा काही नाही.

आता इंजिन. चार सिलेंडर, 2.2 लिटर, इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी विचित्र रचना आहे पण दणकट. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि गिअर ऑइल सोडा आणि विसरून जा, बाकीची कामं करत राहा. आठवड्याने टॉप गिअर टाकून, मागची चाकं घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलून, हाताने दोन्ही चाकं एकाच दिशेने हळू फिरवा, हललं तर जिंकलात. हललं नाही तर परत तेल आणि परत वाट, स्टार्टर मारून जबरदस्ती करायची नाही, पिस्टनच्या रिंगा तुटतात. मोकळं झाल्यावर ऑइल बदला, चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून तळाचा चिखल खरवडून काढा, रेडिएटर धुवा (बोअरचं पाणी घातलं असेल तर क्षाराने बुजलेला असणार), मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बघा. चारही सिलेंडरमध्ये दहाएक पीएसआयपेक्षा जास्त फरक नसेल तर इंजिन उघडायचंच नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचा गॅप वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा तीस, थंड इंजिनला इनलेट अठरा आणि एक्झॉस्ट सोळा थाउ, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. एवढं बरोबर असेल तर ते चालू होतं, खरंच होतं.

आणि हेड काढावंच लागलं तर एक लक्षात ठेवा, मेकॅनिकला पण सांगा. या हेडचा एक बोल्ट बाहेरून दिसतच नाही, तो कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या भोकात आत आहे. हे माहीत नसलेला माणूस बाकी सगळे बोल्ट सोडतो, हेड का निघत नाही म्हणून पहार घालतो आणि हेड तडकवतो. जीपवर काम केलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारा, तो हसून सांगेल. मेकॅनिक निवडायची हीच परीक्षा घ्या, विचारा की या हेडला लपलेला बोल्ट कुठंय.

घरी न करायची कामं म्हणजे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, पाट्यांची कमान आणि शेवटचा रंग. रंग घरी मारणार असाल तर साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) मारा, पीयू (पॉलियुरेथेन) नको, त्यातलं आयसोसायनेट छातीत जातं आणि कापडी मास्कने थांबत नाही. पावसाळ्यात तर रंगाचं नावच काढू नका, पांढुरका पडतो.

पार्ट्स मिळतात, काळजी नको. इंजिन, गिअरबॉक्सचं बरंच सामान जुन्या जीपचंच चालतं, त्यामुळे मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जुन्या जीपवाल्यांकडे फिरा, हरियाणातलं मंडी डबवाली तर जीपांसाठीच प्रसिद्ध आहे. एफसीचं स्वतःचं म्हणजे केबिनचा पत्रा, काचा, ग्रिल, दरवाजे, हे अवघड. म्हणून गाडीचा कुठलाही सडका तुकडा टाकू नका, साचा म्हणून लागतो. आमच्या एकूण खर्चात निम्म्याहून जास्त पत्रा आणि रंगातच गेले, इंजिनला त्यामानाने किरकोळ.

राहिला काकांचा प्रश्न, डिझेल इंजिन टाकू का. माझ्या मते नको. एकतर इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते आणि नंतर पुस्तकात नोंद, नाहीतर फिटनेसला अडकणार आणि अपघात झाला तर विमा कंपनीला निमित्तच मिळालं. दुसरं, केबिनमध्ये इंजिन मांडीला मांडी लावून बसलेलं असतं, पेट्रोलवर असतानाच उन्हाळ्यात पाय भाजतात, त्यात डिझेलची धडधड आली तर काकाच पहिल्या फेरीनंतर खाली उतरतील. वर्षाला किती चालणार आहे ती? त्यात डिझेलमुळे वाचलेल्या पैशातून इंजिनचं नवीन माउंटिंग पण निघणार नाही. मूळ इंजिन ब्लॉकला तडा जाऊन मेलेलंच असेल तर गोष्ट वेगळी, तसं असेल तर फोटो टाका, बघून सांगतो.