अमेरिकेतल्या यलोस्टोन आणि ग्रँड टीटन या राष्ट्रीय उद्यानांसाठी गाइडसोबतची टूर घ्यावी की गाडी भाड्याने घेऊन स्वतः फिरावं?

प्राणी पाहायचे असतील तर गाइडसोबतच जा. यलोस्टोनमधल्या लमार खोऱ्यातले लांडगे (१९९५ पासून कॅनडातून आणून सोडलेल्यांचे वंशज) बरेचदा इतके लांब असतात की नुसत्या डोळ्यांना हलणारा ठिपकासुद्धा दिसत नाही. गाइडकडे ट्रायपॉडवरची दुर्बीण असते, आणि कुठे बघायचं हे त्याला ठाऊक असतं. बुकिंगआधी एकच विचारा: उजाडायच्या आत लमारला पोचवणार का? नाश्ता करून नऊला निघणारी टूर असेल तर सरळ नाही म्हणा. अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर आणि बायसनपासून २३ मीटर अंतर ठेवणं सक्तीचं आहे. शांत चरणारा बायसन माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. टीटनचे डोंगर मात्र रस्त्यावरूनच मनसोक्त दिसतात, तिथे स्वतः फिरलात तरी चालेल.