काच दुहेरी, आवाज तोच

प्रश्न : आम्ही कुर्ल्यात, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली चौथ्या मजल्यावर राहतो. डबल ग्लासची सरकती खिडकी बसवली, तरी रात्री झोपमोड होतेच. फसलो का?

उत्तर : फसला नाहीत, चुकीची वस्तू घेतलीत. दोन सारख्या ५ मिमी काचा आणि मध्ये १२ मिमी पोकळी, ही रचना मुळात उष्णता अडवण्यासाठी असते. काचांची जाडी सारखी असली की दोन्ही एकाच कंपनसंख्येला थरथरतात आणि त्या पट्टीतला आवाज सहज आत येतो. मधली पोकळी अरुंद असल्याने विमानाची घरघरही अडत नाही. त्यात सरकत्या खिडकीच्या रुळात फक्त ब्रश, म्हणजे केसाळ पट्टी असते. तिथून हवा येते, म्हणजे आवाजही येतो. भिंतीच्या शंभराव्या भागाएवढी जागा उघडी राहिली, तरी आवाजातली एकूण घट २० डेसिबलच्या वर जात नाही. मग काच कितीही भारी घ्या!

आहे ती खिडकी काढू नका. तिच्या आतल्या बाजूने, शक्यतो १०० मिमी अंतर ठेवून, बिजागरीची दुसरी खिडकी लावा. काच ८ मिमी लॅमिनेटेड (दोन काचा मध्ये प्लास्टिकचा थर देऊन चिकटवलेली), चहूबाजूंनी रबरी गॅस्केट, चौकट आणि भिंतीमधली फट सिलिकॉनने बंद. सुतार इथे नुसता फोम मारून मोकळा होतो. तो चालत नाही. काम झाल्यावर पंखा बंद करून कडेने उदबत्ती फिरवा. धूर हलला तिथे फट आहे. एसीच्या पाइपाचे भोकही बुजवा. एक्झॉस्टची जाळी मात्र बुजवू नका, विशेषतः गॅस गीझर असेल तर.