चारही गोळे रिकामे

"मॅडम, तसं दुःख काही नाही. पण हे सगळं कशासाठी चाललंय, तेच कळत नाही." या वाक्याने सुरू होणाऱ्या समुपदेशनाच्या भेटी हल्ली माझ्याकडे फार वाढल्यात. निवृत्त माणसं हे म्हणतात, तिशीतली मुलं म्हणतात, घर सांभाळणाऱ्या बायका तर म्हणतातच. म्हणून एका ताईंची हकिगत सांगते, त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

जिल्हा परिषदेत पेन्शनचं टेबल. वय 52. सकाळी डबे, मग बस, फायली, येताना भाजी, स्वयंपाक, झोप. आधी मी झोप, भूक, जगणं नकोसं होतं का, हे विचारून घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर अर्थबिर्थ शोधत बसू नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येतं. ताईंचं तसं नव्हतं.

लेकीने त्यांना मोबाइलवर 'इकिगाई'चं, म्हणजे जपानीत जगण्याच्या प्रयोजनाचं, चित्र पाठवलं होतं. चार गोळे: आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय, पैसे कशाचे मिळतील. चारही जिथे मिळतात तिथे म्हणे आपलं जीवनध्येय.

"वही घेऊन बसले, मॅडम. चारही रिकामेच राहिले. म्हणजे माझ्यात काहीच नाही का हो?"

मुळात ते चित्र जपानी नाही. दुसऱ्याच कुणी काढलेल्या वर्तुळांवर 2014 साली एका ब्लॉगलेखकाने तो जपानी शब्द चिकटवला. जपानमध्ये या विषयाचा खोल अभ्यास केला तो मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी, नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णांमध्ये. घर-गाव तुटलेल्या त्या माणसांतही काहींना जगणं भरलेलं वाटत होतं. पैशाचा गोळा त्यांनी कशाने भरला असता?

मी स्वतः व्हिक्टर फ्रँकल यांच्या वाटेने जाणारी. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या व्हिएन्नाच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की, जगण्याला अर्थ काय हे आपण विचारायचंच नाही. जगणंच रोज आपल्याला काही विचारत असतं, उत्तर आपण द्यायचं. पटतं. पण पेन्शनच्या टेबलावर त्याचं करायचं काय? काही भेटी आवडीनिवडींभोवतीच गेल्या. मग एकदा मी विचारलं, "तुमच्याकडची कुठली फाईल दुसऱ्याकडे गेली तर तुम्हाला चैन पडणार नाही?"

बराच वेळ गप्प. मग एकदम, "एक गुरुजी वारले, त्यांच्या बायकोच्या पेन्शनची. सेवापुस्तकात एका वेतननिश्चितीची पडताळणीच नाही, दरवेळी त्रुटी लागून परत येते. ती बाई एसटीने येते आणि आमचे लोक तिला 'पुढच्या सोमवारी या' म्हणतात. ती फाईल मी कुणाला देणार नाही!"

आवाज चढला होता, एवढ्या भेटींत पहिल्यांदाच.

"पण ते तर नोकरीचं काम," त्या सावरल्या. "पगार घेते मी त्याचा."

"आणि डबे? ते दुसऱ्या कुणी केले तर?"

"सुटले म्हणेन!" दोघीही हसलो.

तेव्हापासून मी आवड विचारणं जवळजवळ सोडलंय. ज्यांना ती चटकन सांगता येते, ती माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतच नाहीत. राग कशाचा येतो, काय अर्धवट राहिलं तर टोचतं, हे मात्र बहुतेकांना सांगता येतं, आणि माझ्या अनुभवात जगण्याचं प्रयोजन तिथेच दडलेलं सापडतं. डबे भरण्यातही अर्थ शोधा, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मी नाही सांगत. दुसऱ्याने उचललं तर नुसती सुटका वाटेल, असं काम सरळ वाटून टाकावं. बायकांना तर हे बजावून सांगावं लागतं.

कचेरी नसेल तरी प्रश्न तोच. सोसायटीतलं बंद पडलेलं वाचनालय, भाच्याचं कच्चं राहिलेलं गणित, शेजारच्या आजोबांची औषधं. उत्तर लहान आलं तर बरं; फार मोठं आलं की मी पुन्हा विचारते. आणि ते कायमचं नसतं, एक काम निकाली निघालं की दुसरं शोधावं लागतं.

ताईंनी तालुक्याला जाऊन गुरुजींच्या जुन्या पगारपत्रकांच्या नकला मिळवल्या. आता फाईल वित्त विभागात आहे आणि भलतीच त्रुटी निघाली आहे. मागच्या भेटीचा सगळा वेळ त्यावरच गेला. पुढची तारीख विचारली तर म्हणाल्या, "आत्ता नको मॅडम, लेखापरीक्षण आहे. फोन करते." डबे सध्या नवरा भरतो, भाजीत मीठ जास्त पडतं म्हणे.