पाणी कुठे मुरते आहे, ते आधी शोधा

आपण लिहिले आहे की, पुण्यातील आपल्या दुसऱ्या मजल्यावरील वीस वर्षे जुन्या सदनिकेत, बाथरूमला लागून असलेल्या शयनगृहाच्या भिंतीला स्कर्टिंगपासून सुमारे अडीच फुटांपर्यंत ओल आहे, ती भर उन्हाळ्यातही हटत नाही, आणि दोन वर्षांत दोनदा पुट्टी भरून रंग दिल्यावरही सहा महिन्यांत पोपडे निघाले. आता दुकानदाराने ओलरोधक रंगाचा महागडा डबा सुचवला आहे आणि तो घ्यावा का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत आहे की तो डबा आज घेऊ नये. आपल्या भिंतीचा आजार रंगाचा नसून पाण्याचा आहे, आणि पाणी कुठे मुरते आहे हे कळेपर्यंत शयनगृहाच्या बाजूने केलेले कोणतेही काम टिकणार नाही.

याचे कारण भिंतीच्या आत आहे. विटा, वाळू आणि सिमेंट यांत क्षार असतात. झिरपणारे पाणी ते विरघळवून पृष्ठभागाकडे आणते, पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे उरतात. त्यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. रंगाच्या थराखाली हे क्षारांचे स्फटिक वाढू लागले की ते थराला बाहेर ढकलतात आणि पापुद्रा सुटतो. थर जितका घट्ट असेल तितकी वाफ अडून राहते, आणि अडलेली ओल वर किंवा बाजूला सरकून नवी जागा शोधते. ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूला थर दिला तर पाणी त्याला भिंतीवरच दाबून धरते. विरुद्ध बाजूने दिला तर तेच पाणी त्याला भिंतीपासून सोडवत राहते. खोलीच्या बाजूने चढवलेला ओलरोधक रंग म्हणूनच वर्ष-दीड वर्षात फुगतो. (मुंबई-ठाण्याकडील वाचकांसाठी एक नोंद: खाडीची रेती न धुता वापरलेल्या जुन्या इमारतींत गिलाव्यातच मीठ असते, त्यामुळे तेथे थोड्याशा ओलीनेही लोणा येतो.)

शोधाची सुरुवात पेन्सिलीने करावी. ओलीची वरची कड भिंतीवर पेन्सिलीने आखून तिच्याशेजारी तारीख लिहावी आणि दर आठवड्याला नवी रेघ ओढावी. पुढील प्रत्येक प्रयोगाचा निकाल या रेघाच देतील; डोळ्यांच्या अंदाजावर विसंबल्यास दर सोमवारी वेगळे मत बनते. याच वेळी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या बाथरूमचे छत अवश्य पाहावे. आपल्याकडील बाथरूमची लादी बहुधा खोलगट स्लॅबवर विटांचे तुकडे व कोबा भरून बसवलेली असते. त्या भरावात पाणी साचले असेल तर ते बाजूच्या भिंतीत वर चढते आणि खालच्या छतावरही डाग पाडते. छत कोरडे ठणठणीत असेल, तर पाणी भरावात फारसे न साचता भिंतीतूनच येत असण्याची शक्यता वाढते.

त्यानंतर पुरवठ्याचे पाणी आणि वापराचे पाणी वेगळे काढावे. गच्चीवरील टाकीमुळे भिंतीतील नळांत रात्रंदिवस दाब असतो. तेथे गळती असेल तर बाथरूम वापरा किंवा वापरू नका, ओल कायम राहते. निचऱ्याची किंवा लादीच्या सांध्यांची गळती असेल तर ती फक्त वापरानंतर वाढते. आपल्याकडे दुसरे बाथरूम आहे, ही या कामी मोठी सोय आहे. ओलीच्या भिंतीला लागून असलेले बाथरूम निदान दोन आठवडे पूर्ण कोरडे ठेवावे, पण त्याचा पुरवठ्याचा कॉक मात्र उघडाच ठेवावा. पेन्सिलीची रेघ खाली सरकू लागली तर दोष वापराच्या पाण्यात आहे. ती जागची हलली नाही, तर लगेच निष्कर्ष न काढता प्लंबरकडून हातपंपाने दाबाची चाचणी करून घ्यावी, कारण मुरलेली भिंत हळूहळूच वाळते. वीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत भिंतीतील नळ बहुधा जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात आणि ते कोपऱ्यावरील एल्बोपाशी आतून गंजतात. गळती पुरवठ्यातच निघाली तर घरच्या घरी करण्याचे काम तेथे संपते. नळ बदलावा लागतो.

दोष वापराच्या पाण्यात निघाला तर न्हाणी ट्रॅपचे (फरशीवरचे पाणी जेथून निचऱ्यात जाते त्या जाळीखालच्या भांड्याचे) तोंड जुन्या कापडाच्या बोळ्याने किंवा रबरी बुचाने बंद करून फरशीवर सुमारे दोन इंच पाणी साठवावे, दाराशी मातीचा किंवा सिमेंटचा छोटा बांध घालावा आणि २४ तास पातळी पाहावी. बाष्पीभवनाने होणारी घट अगदी थोडी असते. बोटभर पातळी उतरली तर फरशी, ट्रॅपची कड किंवा फरशी आणि भिंत यांचा सांधा पाणी पितो आहे. ही चाचणी करण्यापूर्वी खालच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. पातळी टिकली, तर ट्रॅप उघडा ठेवून फक्त भिंतीच्या टाइल्सवर अर्धा तास शॉवर सोडावा आणि पुढचे दोन-तीन दिवस पलीकडची बाजू पाहावी.

या टप्प्यावर माझा स्वतःचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते, कारण मी त्यात बराच खर्च केला. आमच्या घरी हीच तक्रार होती. एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून मी संपूर्ण बाथरूमची फरशी फोडून नवे वॉटरप्रूफिंग करून घेतले. आठ महिन्यांनी ओल पुन्हा त्याच जागी आली. शेवटी एका वयस्क प्लंबरने शॉवरच्या नळामागील स्टीलची गोल चकती सरकवून दाखवली. तिच्यामागे टाइलमध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठे भोक उघडेच होते, आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी रोज त्या भोकातून टाइलच्या मागे जात होते. ते भोक पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने बुजवून चकतीच्या कडेने सीलंट लावायला अर्धा दिवस लागला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिंत वाळली. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, छन्नी हातात घेण्यापूर्वी प्रत्येक नळाची, अँगल कॉकची आणि शॉवरची चकती पुढे ओढून मागे टॉर्च मारून पाहावी.

सांधे हे दुसरे नेहमीचे ठिकाण. जुन्या बाथरूममध्ये टाइल्सच्या फटींत पांढरे सिमेंट भरलेले असते. ते आकसते, केसासारखे तडकते आणि वर्षानुवर्षे थेंब थेंब पाणी आत सोडते. त्यावर नव्याने पांढरे सिमेंट फासून उपयोग नाही. ग्राउट (फटीत भरलेला मसाला) खरवडण्याच्या हत्याराने, तेही नसेल तर हॅकसॉच्या तुटलेल्या पात्याने, फट तीन-चार मिलिमीटर खोल मोकळी करावी, धूळ ब्रशने काढावी आणि पंखा लावून दोन-तीन दिवस कोरडी होऊ द्यावी. मग इपॉक्सी ग्राउट भरावे. त्याचे रेझिन, हार्डनर आणि भुकटी उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच मिसळावी लागते. एकदा मिसळल्यावर ते लवकर घट्ट होते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात तर फारच लवकर. त्यामुळे एका वेळी थोडेच कालवावे, हातमोजे घालावेत आणि टाइलवर राहिलेला पातळ थर ओल्या स्पंजने तेव्हाच पुसावा. वाळल्यावर तो निघत नाही. पुढील वापर किती दिवसांनी करायचा हे पाकिटावर दिलेले असते. तो काळ कमी करू नये. फरशी आणि भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र कडक ग्राउट भरू नये. ती दोन अंगे वेगवेगळी हलतात, म्हणून तेथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनसारखा लवचिक सीलंटच हवा. न्हाणी ट्रॅपची जाळी काढून ट्रॅप आणि लादी यांमधील कडही याच वेळी तपासावी, कारण ती जवळजवळ नेहमी उघडी सापडते.

शयनगृहाच्या बाजूचे काम पेन्सिलीची रेघ स्पष्टपणे खाली सरकू लागल्यावरच सुरू करावे. त्या भिंतीवर स्विचबोर्ड किंवा सॉकेट असेल तर आधी त्या सर्किटचा एमसीबी खाली करून टेस्टरने खात्री करावी; ओली भिंत आणि वीज एकत्र असलेल्या घरात ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे मी अत्यावश्यक मानतो. जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ साली आले, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. पाण्याचा हलका फवारा मारून खरवडावे, मास्क लावावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. पोकळ वाजणारा गिलावा ओलीच्या कडेच्या फूटभर पलीकडेपर्यंत विटेपर्यंत काढावा. उघड्या विटेवर नंतर फुललेला लोणा मात्र कोरड्या ब्रशनेच झाडावा, कारण पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा विरघळून आत जातात. त्यानंतर भिंत उघडी ठेवून वाट पाहावी. एक इंच जाडीला एक महिना हा ढोबळ हिशेब मला उपयोगी पडला आहे, आणि आपल्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला टाइल्स असल्यामुळे ती एकाच बाजूने वाळणार आहे. उघड्या विटांची खोली तीन-चार महिने पाहणे जिवावर येते हे मला ठाऊक आहे. तरीही येथे घाई करू नये.

वाळलेल्या विटेवर थोडे पाणी मारून एसबीआर लेटेक्स (गिलावा नीट चिकटावा म्हणून वापरायचे रबरी द्रावण) आणि सिमेंटचा पातळ लेप द्यावा, तो चिकट असतानाच सिमेंट आणि वाळूच्या एकास चार प्रमाणातील गिलावा करावा, सात दिवस पाणी मारावे आणि नंतर महिनाभर सुकू द्यावा. वर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी चालते. पीओपी अजिबात नको, कारण ओल लागताच ते मऊ पडते. शेवटी साधा डिस्टेंपर किंवा इमल्शन पुरेसा आहे. तैलरंग टाळावा, म्हणजे उरलीसुरली वाफ बाहेर पडू शकेल.

काही बाबतींत स्वतः हात घालू नये. बीम किंवा खांबावर गंजाचे तांबूस डाग असलेली लांब भेग दिसली, काँक्रीटचा ढलपा सुटून सळई उघडी पडली, तर ते रंगरंगोटीचे प्रकरण राहत नाही. सोसायटीला लेखी कळवून स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची मागणी करावी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक निचऱ्याच्या नळातून येणाऱ्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो, आणि बाथरूमच्या आतील गळतीचा सदस्याचा. बाहेरची भेग बुजवण्यासाठी खिडकीतून वाकून काम करणे तर कोणीही करू नये. ते परांचीवरच्या माणसाचे काम आहे.

खालच्या शेजाऱ्यांचे छत कसे दिसले आणि चकत्यांच्या मागे काय सापडले, एवढे आपण कळवले तर न्हाणी ट्रॅपपर्यंत जाण्याची गरज आहे की नाही, हे मी अधिक खात्रीने सांगू शकेन. टाइल्सचे फोटो पाठवणार असाल तर ते दिव्याचा उजेड तिरपा पाडून काढावेत, म्हणजे सांध्यांतील बारीक भेगा दिसतील.