ते ९६ कागद वाया गेलेले नाहीत

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीला ६८ टक्के. अभ्यास सोडून घोडेमोडणीची, म्हणजे आपल्या गोव्याच्या घोडेनाचाची, चित्रं काढत बसते. दोन महिन्यांत ९६ कागद वाया घालवले. शेवटी तिचा लाइटबॉक्स, म्हणजे खालून उजेड येणारी चित्रं गिरवायची पेटी, कपाटात बंद केला. कॉम्प्युटरवर सगळं होत असताना हाताने कशाला? सहा महिन्यांचा मोशन ग्राफिक्सचा (कॉम्प्युटरवर चित्रं-अक्षरं हलवण्याचा) कोर्स लावला तर लगेच नोकरी लागेल का?
– एक वडील, फोंडा

उत्तर : नमस्कार. नोकरीचं नंतर बोलू, आधी त्या कपाटाचं.

पत्रात टक्के आहेत, कागदांचा हिशेब आहे. तिने केलेलं तुम्ही पाहिलंत का, हे मात्र कुठेच नाही. फिल्ममध्ये सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं, असतात. हाताने काढणारे बहुधा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ९६ कागद म्हणजे बरोबर ८ सेकंदांची हलती फिल्म. एवढी चिकाटी मोठ्यांतही सहसा दिसत नाही, आणि तुम्ही तिला नासाडी म्हणता! बोर्डाचं वर्ष आहे, रोज एकच तास मिळेल असं सांगा, ती ऐकेल. पण तिचं सामान कुलपात घालून तुम्ही तिला शिक्षा करताय, आणि तीही कशासाठी? हे मला अजिबात पटलेलं नाही.

आता 'कॉम्प्युटरवर सगळं होतं' ही समजूत. हालचालीची सुरुवात आणि शेवट आपण ठरवायचा, त्या कीफ्रेम; सॉफ्टवेअर दोन कीफ्रेममधली हालचाल भरून देतं, तेवढंच. घोडेमोडणीत नाचणाऱ्याच्या कमरेला घोडा बांधलेला असतो. पाय जमिनीवर आपटतो, आणि घोड्याभोवतीचं कापड दोन-तीन चित्रं उशिरा खाली येतं. हा उशीर ज्याला दिसला नाही, त्याला आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरच्या ग्राफ एडिटरमध्ये, जिथे हालचालीचा वेग रेषेने ठरवतात, ती रेषा कुठे वाकवायची तेही कळत नाही. म्हणूनच अशा कोर्समधून बाहेर पडलेल्या अनेकांचं काम एकाच छापाचं दिसतं. तुमच्या मुलीने तेच कागद स्कॅन करावेत. घोडा, धूळ, मागचं देऊळ वेगवेगळ्या लेअरवर (थरांवर) घ्यावं, कागदाचा पोत तसाच ठेवावा, कॅमेरा हळूच पुढे न्यावा, शीर्षकाची अक्षरं ढोलाच्या ठेक्यावर आणावीत. झालं की मोशन ग्राफिक्स! हात आणि कॉम्प्युटर यांतलं एक निवडायचं, हा प्रश्नच चुकीचा आहे.

डिझाइनच्या पदवी प्रवेशासाठी एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट आणि आयआयटींसाठीची यूसीड या परीक्षा आहेत, दोन्हींना बारावीची कुठलीही शाखा चालते. पणजीत आल्तिन्होला गोवा कला महाविद्यालयही आहे. तिघांच्याही तारखा तिलाच शोधू द्या.

कोर्सची फी आत्ता भरू नका. सहा महिन्यांत ती बटणं शिकेल, आणि बटणं ती घरीही शिकू शकते. ब्लेंडर आणि क्रिता ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्या पैशांतला थोडा भाग साध्या स्कॅनरला घाला, आणि बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की तिला ही ८ सेकंदं आवाजासकट पूर्ण करू द्या. पुढच्या पत्रात टक्के नकोत, ती फिल्म पाठवा.