सत्कर्मं वाढवली तर देव नीतिमान मानेल का?

नाही. सत्कर्मं विश्वासामागून येतात, त्यांनी देवासमोरचं पाप फिटत नाही. ‘नीतिमान ठरवणं’ ही न्यायालयातली भाषा आहे: न्यायाधीश आरोपीला निर्दोष जाहीर करतो. पण आरोपी खरोखरच दोषी असेल तर? बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की ख्रिस्ताने आपल्या रक्ताने प्रायश्चित्त केलं, म्हणून देव स्वतः न्यायी राहूनही येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो.

मला याच पत्राचा ४था अध्याय फार जवळचा वाटतो. तिथे पौल यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचं उदाहरण देतो. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात. त्याची सुंता झाली १७व्यात. म्हणजे सुंतेचा विधी होण्याआधीच, मोशेद्वारे नियमशास्त्र मिळण्याच्या तर कितीतरी आधी, देवाने त्याला आपलं म्हटलं होतं!