खातं बंद करू का?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

इन्स्टाग्रामचं खातं बंदच करून टाकू का, असं विचारलंयस. नको करूस. चिपळूणहून येऊन परळला चौघींत एक खोली घेऊन राहतेस. इथे तुझं नात्यागोत्याचं कुणी नाही, तेव्हा जोडलेली माणसं तोडू नयेत. पण या फोनवर काय करायचं आणि काय नाही, ते आता ठरवायला हवं.

माणसापर्यंत पोचायची ही सोय मुंबईला किती उपयोगी पडली, ते मी पाहिलंय. २९ ऑगस्ट २०१७ ला पाऊस असा कोसळला की लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या संध्याकाळी लोक ट्विटरवर, फेसबुकवर लिहीत होते : अडकला असाल तर आमच्याकडे या, जेवा, फोन चार्ज करा, रात्री राहा. २६ जुलै २००५ लाही मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं होतं, पण तेव्हा जो दारापर्यंत येईल त्यालाच. बारा वर्षांनी तोच चांगुलपणा दोन स्टेशनं पलीकडे अडकलेल्यालाही कळला.

आता रक्ताचे मेसेज बघ. 'पेशंट सीरियस आहे, ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवंय, कृपया पुढे पाठवा.' खाली एक नंबर. तारीख नाही, वॉर्ड नाही. रक्त मिळतं, किंवा मिळत नाही, आणि मेसेज मात्र महिनोन्महिने फिरत राहतो. ज्याचा नंबर त्यात आहे त्याला फोन येतच राहतात. त्याचे वडील वाचले नसतील, तर ते फोन त्याने कसे घ्यायचे? म्हणून तारीख नसलेला मेसेज डोळे झाकून पुढे ढकलू नकोस. आधी हॉस्पिटलात चौकशी कर. गरज खरी असेल तर तारीख-वेळ घालून पाठव, आणि काम झालं की 'रक्त मिळालं' हेही त्याच सगळ्या ग्रुपवर कळव. हे दुसरं काम कुणी करत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

पलीकडे खरा माणूस आहे हे विसरलं की काय होतं, ते राईनपाड्याला झालं. धुळे जिल्ह्यातलं गाव. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. १ जुलै २०१८ ला भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. शहानिशा करायचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं.

मैत्रिणींचे गोव्याचे फोटो बघून जीव कसनुसा होतो म्हणतेस. दमून आल्यावर, रात्री साडेअकराला ते बघूच नकोस. कितीही सरकवलं तरी ते संपत नाही, कारण ते तसंच बनवलंय : तू जितका वेळ बघशील, तितक्या जाहिराती दाखवता येतात. त्यात तुझा काही दोष नाही. जिची आठवण येते तिला सरळ फोन लाव. ती गोव्याहून परतल्यावर काय करते, तेही कळेल.

आणि एक. खोलीचा पत्ता, ऑफिसचं ओळखपत्र, रोजची गाडी कळेल असे फोटो टाकू नकोस. पोलीस असल्याचं सांगून कुणी व्हिडिओ कॉलवर धमकावलं, पैसे मागितले, तर कॉल कट कर. व्हिडिओ कॉलवर अटक होत नसते. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नकोस. ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर. जितक्या लवकर कळवशील, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मग मला कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझ्या
बाई